निवृत्त सहकाऱ्यांशी कंपनीने नातं ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

ओंजळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी एका उत्पादन कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते. पुढच्या काही वर्षांत आमच्याकडची एक अख्खी पिढी निवृत्त होणार आहे, आणि निवृत्तांसाठी कंपनीने काय करावं याचा आराखडा बनवायचं काम माझ्याकडे आलंय.

सध्या आमच्याकडे वार्षिक स्नेहमेळावा होतो, एक गृहपत्रिका टपालाने जाते आणि वाढदिवसाला शुभेच्छांचा संदेश जातो. काम हातात घेतल्यावर मी निवृत्त मंडळींना फोन करायला सुरुवात केली. मेळाव्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. आरोग्य विम्याच्या कार्डाची मुदत संपलीय, कुणाला भेटू? हयातीचा दाखला पोचला का? पत्ता बदललाय, कळवायचा कुठे? एका काकांनी तर विचारलं, "आता तुम्ही फोन केलाय तर तुमचाच नंबर ठेवू का? बाकीचे उचलत नाहीत."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून इथे विचारते. जे निवृत्त झालेत, ज्यांचे आईवडील निवृत्त आहेत, जे लेखा विभागात किंवा पेन्शन ट्रस्टवर (पेन्शनचा पैसा वेगळा सांभाळणाऱ्या मंडळावर) आहेत, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा. काय उपयोगी पडलं, काय नुसतं कागदावर राहिलं? तक्रारीही चालतील, फक्त कंपनीचं नाव नको.

---

तिसरी_पाळी

चांगला धागा. देखभाल विभागातून निवृत्त झालो, म्हणून सुरुवात शेवटच्या दिवसापासून करतो.

निरोप समारंभ छान होतो. भाषणं होतात, लोक मनापासून बोलतात. पण त्याच संध्याकाळी ईमेल बंद, ओळखपत्र जमा, कंपनीचा मोबाइल नंबरही परत. सुरक्षेसाठी हे करावं लागतं, ते समजतं. अडचण अशी की पगाराच्या पावत्या, फंडाचे उतारे, बढतीची पत्रं, सगळं त्याच ईमेलमध्ये असतं. पुढे नोंदीत जन्मतारखेची किंवा नावाच्या स्पेलिंगची चूक निघाली की पुरावा मागतात, आणि पुरावा त्या बंद खात्यात अडकलेला.

माझी सूचना साधी आहे. निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी माणसाचा खाजगी ईमेल, स्वतःचा मोबाइल नंबर आणि घरच्या आणखी एका व्यक्तीचा नंबर नोंदवून घ्या. सेवापुस्तकाची प्रत त्याला समोर बसवून दाखवा, चुका नोकरीत असतानाच दुरुस्त करा. साहेब ओळखीचे असतात, कारकून ओळखीचा असतो, तोवर जे काम अर्ध्या तासात होतं त्यालाच नंतर महिने लागतात.

दुसरं म्हणजे गेट. ज्या गेटमधून उभा जन्म आत गेलो तिथे निवृत्तीनंतर "कुणाला भेटायचंय? आतून फोन येऊ द्या" असं ऐकायला लागतं. निवृत्तांचं वेगळं ओळखपत्र द्या आणि पेन्शनचं काम गेटच्या बाहेरच्या बाजूला, तळमजल्यावर ठेवा. गुडघे दुखणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर का चढेल?

---

लेक_दूरची

मी थोडं वेगळं लिहिते. माझे बाबा निवृत्त कर्मचारी होते. ते गेले, आणि त्यानंतर आमच्या लक्षात आलं की कंपनीच्या लेखी आई नव्हतीच.

म्हणजे वारसदार म्हणून नाव होतं. पण पोर्टलचा पासवर्ड बाबांना माहीत, ओटीपी बाबांच्या मोबाइलवर, पत्रं बाबांच्या नावाने. आम्ही बाबांचा नंबर बंद केला आणि पोर्टलचं दारच बंद झालं. निवृत्ताच्या पश्चात जोडीदाराला वैद्यकीय संरक्षण पुढे चालू राहतं, हे आईला माहीत नव्हतं. त्यासाठी दर वर्षी एक घोषणापत्र भरावं लागतं. ते भरायचं राहिलं, संरक्षण संपलं, आणि नेमकं त्याच काळात आईचं ऑपरेशन निघालं.

ते पुन्हा चालू करून देणारे लेखा विभागातले एक गृहस्थ होते. नियमात त्यांचं काही काम नव्हतं. त्यांनी स्वतः फॉर्म काढले, आईला फोनवर एकेक रकाना सांगितला, "वहिनी, घाई नाही, चष्मा लावून या" असं म्हणाले. आई अजून त्यांचं नाव काढते. मला मात्र एक प्रश्न छळतो. ते गृहस्थ त्या खुर्चीवर नसते तर?

ओंजळताई, तुमच्या आराखड्यात निवृत्त माणसाच्या शेजारी त्याच्या जोडीदाराचा रकाना हवा. त्या व्यक्तीचा स्वतःचा नंबर, स्वतःचं लॉगिन हवं. आणि निवृत्तीआधीच्या माहितीसत्राला दोघांनाही बोलवा. बहुतेक घरांत एकालाच सगळं ठाऊक असतं.

---

मध्यमलय

सगळ्यांचे अनुभव मनाला भिडले. तरी एक प्रश्न मांडतो, कारण आराखडा वरच्या बैठकीत गेला की तो विचारला जाणारच.

मी एका कंपनीत खर्चाचं नियोजन बघतो. कंपनीने पगार दिला, कायद्याने देणं लागणारा फंड, ग्रॅच्युइटी दिली. त्यापुढे जबाबदारी का? कंपनी म्हणजे कुटुंब नव्हे. आज निवृत्तांवर जो पैसा खर्च होतो तो आज काम करणाऱ्यांच्या श्रमातून येतो. म्हातारपणाची सोय सरकारने करावी, सगळ्यांसाठी सारखी करावी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेल्याला सगळं मिळतं आणि छोट्या कारखान्यातल्याला काहीच नाही, हे न्यायाचं आहे का?

---

खतावणी

मध्यमलय, प्रश्न योग्य आहे. मी काही काळ पेन्शन ट्रस्टवर विश्वस्त होतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

सुरुवातीला ही गोष्ट खरंच मालकाच्या मर्जीची होती. जर्मनीत क्रुपने १८५८ मध्ये आणि सीमेन्सने १८७२ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केले. अमेरिकेतली कंपनीची पहिली पेन्शन योजना अमेरिकन एक्सप्रेसची मानतात, साल १८७५. तेव्हा ती रेल्वेने माल पोचवणारी कंपनी होती. वय साठच्या पुढे, सेवा २० वर्षं आणि काम करायची शक्ती उरलेली नाही, असा माणूस पात्र. तरीही व्यवस्थापकाने शिफारस करायची आणि संचालक मंडळाने मान्य करायचं. म्हणजे हक्क नव्हता, उपकार होता.

पुढे चित्र बदललं. कामगार संघटना वाटाघाटीत म्हणू लागल्या की आजची पगारवाढ थोडी कमी घेतो, त्याऐवजी म्हातारपणी पेन्शन आणि औषधपाणी द्या. एकदा हा व्यवहार झाला की पेन्शन म्हणजे मागे ठेवलेला पगार. तुम्ही म्हणता आजच्या कामगाराच्या श्रमातून निवृत्ताला पैसा जातो. तसा तो जात असेल तर चूक त्या वेळच्या व्यवस्थापनाची. काम घेतलं तेव्हाच तो पैसा बाजूला काढायला हवा होता.

बाजूला न काढल्याने काय होतं, ते स्टुडेबेकर या अमेरिकी मोटार कंपनीत दिसलं. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंड शहरातला कारखाना बंद करायची घोषणा झाली. पेन्शन योजना होती, पण तिच्यात पुरेसा पैसा नव्हता. आधीच निवृत्त झालेले आणि साठी गाठलेले मिळून सुमारे ३,६०० जण, त्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ या वयोगटातल्या सुमारे ४,००० जणांच्या हातात त्यांच्या हक्काच्या रकमेपैकी जेमतेम १५ टक्के पडले. त्याहून तरुण असलेल्यांना काहीच नाही. या प्रकरणाची चर्चा वर्षानुवर्षं चालली आणि १९७४ मध्ये अमेरिकेत पेन्शनच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. कंपनी बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन देणारी विमा संस्थाही त्याच कायद्यातून उभी राहिली.

ब्रिटनचं उदाहरण याहून क्लेशदायक. वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल नोव्हेंबर १९९१ मध्ये मरण पावल्यावर उघड झालं की त्याच्या कंपन्यांच्या पेन्शन फंडांतून ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम काढली गेली होती. पैसा वेगळ्या ट्रस्टमध्ये होता, पण ट्रस्टच्या चाव्या मालकाच्याच हातात होत्या. त्यानंतर १९९५ चा पेन्शन कायदा आला आणि विश्वस्तांमध्ये सभासदांचे प्रतिनिधी असण्याची तरतूद झाली. कंपनी बुडाल्यावर पेन्शन देणारा तिथला पेन्शन संरक्षण निधी तर २००५ मध्ये सुरू झाला, इतका उशिरा.

औषधपाण्याचीही गोष्ट अशीच. अमेरिकी कंपन्या निवृत्तांच्या वैद्यकीय खर्चाचं वचन देत, पण ते देणं ताळेबंदात दिसत नसे. १९९० च्या सुमारास हिशेबाचा नियम बदलला आणि ते दाखवणं बंधनकारक झालं. एकट्या जनरल मोटर्सला १९९२ सालच्या हिशेबात त्यापोटी २० अब्ज डॉलरच्या वर बोजा दाखवावा लागला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी अशा सोयी कमी केल्या किंवा नव्या लोकांसाठी बंद केल्या. जनरल मोटर्सने शेवटी २००७ च्या करारात कामगार संघटनेशी ठरवून ही जबाबदारी एका स्वतंत्र ट्रस्टकडे सोपवली.

म्हणून ओंजळ, तुमच्या आराखड्याचं पहिलं पान पैशाचं असू द्या. जे वचन देताय त्याचा पैसा कंपनीच्या तिजोरीबाहेर आहे का, विश्वस्तांत निवृत्तांचा माणूस आहे का, आणि दर वर्षी साध्या भाषेत एका पानाचा हिशेब निवृत्तांच्या घरी जातो का. स्नेहमेळावा त्याच्यानंतर.

सरकारी सोय सगळ्यांना सारखी असावी, या मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. जर्मनीने १८८९ मध्येच वृद्धांच्या विम्याचा कायदा केला, तोही कामगारांच्या दबावापोटीच. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

---

तिसरी_पाळी

खतावणीसाहेब, +१. हे वाचून आमच्या ट्रस्टचा शेवटचा हिशेब कधी पाहिला ते आठवायला लागलो. सोमवारी जाऊन मागतो.

---

जुनाजाणता

पैशाचं झालं, आता कामाबद्दल लिहितो. निवृत्तीनंतर मला सल्लागार म्हणून दोनदा बोलावलं गेलं. दोन्ही वेळा यंत्र बंद पडल्यावर. मधल्या काळात एक फोन नाही.

गेलो, कारण ते यंत्र माझ्या हाताखाली उभं राहिलं होतं आणि आतली मुलं माझीच होती. पण दुखतं ते दुखतंच. नातं ठेवायचं असेल तर गरज नसतानाही ठेवायला हवं.

हे नीट करणाऱ्या कंपन्या आहेत. बॉशने १९९९ मध्ये यासाठी वेगळी उपकंपनीच काढली. निवृत्त तज्ज्ञांची यादी तिच्याकडे असते, कुठल्याही विभागाला गरज पडली की ठरावीक मुदतीसाठी, ठरलेल्या मोबदल्यावर माणूस जातो. अमेरिकेत एरोस्पेस कॉर्पोरेशनमध्ये निवृत्तांना वर्षाला १,००० तासांपर्यंत काम करता येतं, पेन्शनला धक्का न लागता. प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि एली लिली यांनी २००३ मध्ये मिळून 'युअरएन्कोअर' उभी केली, त्यात एका कंपनीचा निवृत्त शास्त्रज्ञ दुसऱ्या कंपनीचा प्रश्न सोडवायला जाऊ शके. या सगळ्यांत एक गोष्ट समान: नियम आधी लिहिलेले असतात. किती तास, किती पैसे, कुणाच्या हाताखाली, अपघात झाला तर विमा कुणाचा. माझ्या वेळी यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. "या ना साहेब, आपलंच आहे," एवढ्यावर कारभार.

ज्ञान गेल्यावर काय होतं याचं मला भावलेलं उदाहरण चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाचं. २०१२-१३ च्या सुमारास नासाच्या तरुण अभियंत्यांनी जपून ठेवलेलं एक इंजिन उघडून अभ्यासलं. रेखाचित्रं होती. पण प्रत्येक इंजिन बनवताना कारागिरांनी हाताने जे बारीक बदल केले, ते कागदावर फारसे उतरलेले नव्हते. वेल्डिंग तर बरंचसं हातकाम. तसंच कोबोल या जुन्या संगणक-भाषेचं. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावं लागलं. ही भाषा जाणणारे बरेचसे लोक तोवर निवृत्त झालेले.

तेव्हा माझं म्हणणं असं की शेवटच्या वर्षी माणसाच्या जोडीला एक तरुण द्या. निरोपाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, वर्षभर. आणि निवृत्तीनंतरही त्या तरुणाने निवृत्ताला फोन करून विचारायची मोकळीक ठेवा, त्या मदतीचा मोबदलाही निवृत्ताला द्या.

जपानचा मार्गही पाहा. तिथे २०१३ पासून इच्छा असलेल्या प्रत्येकाला वयाच्या ६५ पर्यंत कामावर ठेवणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत गेलं, आणि २०२१ पासून ७० पर्यंतची संधी देण्याचा प्रयत्न कंपन्यांनी करावा असं कायदा म्हणतो. पण बहुतेक ठिकाणी साठीला निवृत्त करून नव्या करारावर घेतात आणि पगार बराच खाली येतो. काम तेच, हुद्दा गेलेला, आणि कालचा शिकाऊ आज वर. हे मनाला कसं लागतं ते मी सांगू शकतो. नुसतं "परत घेतलं" म्हणून भागत नाही, कोणत्या मानाने घेतलं हे महत्त्वाचं.

---

निळीशाई

मी आमच्या निवृत्त कर्मचारी संघाचं काम बघते. जुनाजाणता यांचा मुद्दा पटला, पण सगळ्यांना काम नको असतं. आमच्याकडचे बहुतेक म्हणतात, पुरे झालं. त्यांना हवी असते ओळख आणि माणसं.

मानसशास्त्रात होम्स आणि राहे यांची १९६७ ची एक यादी प्रसिद्ध आहे, आयुष्यातल्या ताण देणाऱ्या ४३ घटनांची. तीत निवृत्ती दहाव्या क्रमांकावर आहे. आनंदाने निवृत्त झालेल्यालाही दिवस अंगावर येतो, विशेषतः पहिल्या वर्षी. आणि कंपन्या नेमक्या त्याच वर्षी गप्प असतात, कारण सगळे हिशेब चुकते झालेले असतात.

आमच्या संघाची पद्धत सांगते. प्रत्येक स्वयंसेवकाकडे थोडीच नावं असतात, शक्यतो त्याच्याच जुन्या विभागातली. महिन्यातून एकदा फोन. विषय काहीही चालतो. उद्देश एवढाच की कुणी सलग दोनदा फोन उचलला नाही तर आम्हाला कळावं आणि कुणीतरी घरी जावं. ओंजळताई, कंपनीने हे स्वतः करू नये, असं माझं मत. कंपनीचा माणूस फोन करतो तेव्हा समोरचा "सगळं ठीक आहे साहेब" म्हणतो. जुन्या सहकाऱ्याने केला की खरं सांगतो. कंपनीने संघाला खोली, टेलिफोन, थोडा निधी आणि दर महिन्याला नव्या निवृत्तांची यादी द्यावी, अर्थात त्यांची लेखी संमती घेऊन.

अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांमधल्या जुन्या लोकांनी १९११ मध्ये 'टेलिफोन पायोनियर्स' ही संस्था काढली. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल तिचे सभासद होते. आधी जुन्या आठवणींसाठी जमणारी मंडळी पुढे समाजसेवेत उतरली. अंध वाचकांसाठीची 'बोलकी पुस्तकं' वाजवणारी यंत्रं ते विनामूल्य दुरुस्त करून देत. आवाज करणारा चेंडू बनवून अंधांसाठी बेसबॉलचा खेळही त्यांच्यातल्याच लोकांनी पुढे नेला. हातातली कारागिरी होतीच, तिला जागा मिळाली. माझ्या मते स्नेहमेळाव्याच्या खर्चातला अर्धा भाग अशा कामाकडे वळवला तर लोक आपणहून येतील.

---

मध्यमलय

खतावणींचा मागे ठेवलेल्या पगाराचा मुद्दा मान्य. बैठकीत मी तो वापरेन.

आता माझ्याच चष्म्यातून बघितलं तर या धाग्यातल्या बहुतेक मागण्या स्वस्त आहेत, हे लक्षात येतं. नंबर उचलणारा माणूस, जोडीदाराचा रकाना, वर्षभर आधी तपासलेलं सेवापुस्तक, तळमजल्यावरची खोली. यांचा खर्च गृहपत्रिकेच्या छपाईच्या आसपासच येईल. महाग आहे ते वैद्यकीय संरक्षण, आणि तिथे मात्र मी सावध राहीन. वचन मोठं देऊन दहा वर्षांनी मागे घेण्यापेक्षा आज झेपेल तेवढंच द्यावं आणि त्याचा पैसा वेगळा ठेवावा. सत्तरीच्या माणसाला अचानक "यापुढे सोय बंद" असं पत्र गेलं तर त्याला नवा विमा कोण देणार?

---

खतावणी

अगदी बरोबर. आणखी एक, घाईत लिहितो. निवृत्तांच्या याद्या म्हणजे फसवणूक करणाऱ्यांसाठी खजिना. "पेन्शन थांबली आहे, ओटीपी सांगा" असे फोन येतात आणि लोक घाबरून सांगतात. कंपनीने एकच अधिकृत क्रमांक ठरवावा, तो ओळखपत्राच्या मागे छापावा, आणि आम्ही फोनवर ओटीपी किंवा बँकेची माहिती कधीच मागणार नाही, हे प्रत्येक पत्रात ठळक लिहावं. यादी कुणाकुणाला दिली याची नोंदही ठेवा.

---

ओंजळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मसुद्याचा क्रम आता बदलतेय. पहिलं पान ट्रस्ट आणि वार्षिक हिशेबाचं. मग निवृत्तीआधीचं वर्ष: सेवापुस्तक, खाजगी संपर्क, जोडीदारासह माहितीसत्र आणि जोडीला तरुण सहकारी. मग एक खिडकी, एक क्रमांक, आणि त्यामागे नाव असलेली दोन माणसं, म्हणजे एक रजेवर गेला तरी दुसरा असेल. फोनचं काम संघाकडे, संमतीपत्रासह. सल्लागारांसाठी लेखी नियम. मेळावा राहील, पण निळीशाईताईंनी सांगितलं तसं काही काम त्याला जोडून.

एक गोष्ट अजून सुटत नाहीये. निवृत्त व्यक्ती गेल्याची बातमी कळल्यावर कंपनीने पहिला फोन कधी करावा आणि काय बोलावं? लगेच कागदपत्रं मागणं बरं दिसत नाही, आणि उशीर केला तर पैसे अडकतात.

---

लेक_दूरची

दोन वेगळे फोन करा. पहिला लगेच, ज्याने त्यांच्यासोबत काम केलंय अशा कुणीतरी. त्यात कागदांचा विषय काढू नका. फक्त एवढं सांगा की कशाचीही मुदत चुकणार नाही, आम्ही लक्ष ठेवतोय. आणि ते खरंच ठेवा, म्हणजे विमा, घोषणापत्र सगळं त्या काळात आपोआप चालू राहील असा नियम करा.

दुसरा फोन दोन-तीन आठवड्यांनी, खिडकीवरच्या माणसाचा. तेव्हा एक यादी पाठवा: कोणते कागद, किती प्रती, कुठे सही. भरलेल्या नमुन्याची एक प्रतही सोबत असू द्या. घरी येऊन फॉर्म भरून देता आलं तर फारच चांगलं. आणि पाकिटावर आईचं नाव घाला, बाबांचं नको.

---

ओंजळ (धागाकर्ती)

हे जसंच्या तसं मसुद्यात घालते. पाकिटावरच्या नावासकट. बैठक झाली की काय मंजूर झालं आणि काय नाही, ते इथेच कळवेन.